दुखलं तर बोलायचं

द्वारकाबाईंनी दिवाळीपासून कुणाचा हात हातात घेतला नव्हता. दुसऱ्या कुणाच्या हे ध्यानातही आलं नसतं. पण द्वारकाबाई कासारीण होत्या, आणि अडतीस वर्षं त्यांचा एकही दिवस परक्या बाईचा हात दाबल्याशिवाय गेला नव्हता.

येरमाळ्यात येडाईच्या डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. नवरा मच्छिंद्र नऊ वर्षांपूर्वी गेला, मुलगी गौरी लग्न होऊन पिंपरीला गेली, तरी दुकानात माणसांची कधी वाण पडली नाही. बाई यायची, बाकड्यावर बसायची, हात पुढं करायची. द्वारकाबाई तिचा अंगठा तळव्यात दुमडायच्या, पंजा दाबून निमुळता करायच्या आणि तिच्या माहेराबद्दल काहीतरी विचारायच्या. ती उत्तर देत असतानाच बांगडी अंगठ्याच्या सांध्यावरून पलीकडं गेलेली असायची. त्या सांध्यावर काच क्षणभर अडते. पुढं सरकवायची की मागं घ्यायची, हे डोळ्यांना कळत नाही. काचेला किती ताण आलाय ते बोटांच्या टोकांनाच समजतं. द्वारकाबाईंच्या बोटांना ते इतकं समजायचं की दोन-चारच्या मापाच्या हाताला दोन-चारचीच बांगडी बसायची. सैल बांगडी घालून बाईला वाटेला लावणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

मग मागच्या उन्हाळ्यात छातीत गाठ निघाली. बार्शीला ऑपरेशन झालं, त्यानंतर दर आठवड्याला एक अशी बारा सलाईनं. एसटीनं जायचं, खुर्चीत बसून राहायचं, एसटीनं परत यायचं. सातव्या सलाईननंतर बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. नर्सनं आधीच सांगून ठेवलं होतं की असं झालं तर लगेच सांगा, औषध कमी-जास्त करता येतं. द्वारकाबाईंनी सांगितलं नाही. औषध कमी केलं आणि गाठ परत आली तर, असं त्यांना वाटलं.

गाठ गेली. केस उगवले, पहिल्यापेक्षा कुरळे उगवले. बोटं मात्र परत आली नाहीत. टोकांत आणि तळपायांत सदा विस्तव धगधगायचा, मधूनच सुई टोचल्यासारखी कळ यायची, आणि त्याच जागी स्पर्श मात्र उरला नव्हता. आंघोळीचं पाणी कोपरानं बघावं लागायचं. चप्पल पायातून निसटली तरी चार पावलं पुढं गेल्यावर कळायचं. एकाच बोटाला दुखतंही आणि कळतही नाही, हे कसं असतं ते कुणाला समजावून सांगणं अवघड होतं. त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. गौरीचा रविवारी फोन यायचा.

"कशी आहेस गं आई?"

"बरी हाय की. जेवले. तू जेवलीस का?"

दिवाळीत त्यांनी दुकान उघडलं. तिसऱ्याच बाईच्या हातावर बांगडी मोडली आणि काच खोल गेली. बांगडी अडल्याचं द्वारकाबाईंना कळलंच नव्हतं. रक्त दिसल्यावर कळलं. त्या बाईनं तक्रार केली नाही, पण गावात बातमी जायला कितीसा वेळ लागतो? "मावशी, तुमाला जरा बरं वाटू द्या, मग येतो," असं म्हणत बायका पुढच्या दुकानात जाऊ लागल्या. द्वारकाबाई दुकान उघडून बसायच्या आणि फडक्यानं काचा पुसायच्या, तेही जपून.

फाल्गुनात वस्तीवरच्या मथुराबाईंचा निरोप आला. नात हर्षाली हिचं लग्न वैशाखात धरलं होतं. मथुराबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांच्या हातात द्वारकाबाईंच्या सासूनं चुडा भरला होता, आणि त्यांच्या सुनेच्या हातात खुद्द द्वारकाबाईंनी. निरोप घेऊन आलेला गडी म्हणाला, "म्हातारी म्हनली, चुडा कासारीणबाईच्याच हातचा पायजे. दुसरी चालत न्हाय."

"येते म्हनावं," द्वारकाबाई म्हणाल्या.

बार्शीच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली होती आणि एका फिजिओथेरपिस्टचं नाव सांगितलं होतं. क्षमा तिचं नाव. हायवेच्या कडेला मेडिकलच्या दुकानामागं तिची खोली होती. एक खाट, दोन खुर्च्या, आणि टेबलावर हातात मावेल एवढं यंत्र. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, केस घट्ट बांधलेले, हातात काही नाही, फक्त घड्याळ. पहिल्या दिवशी तिनं कापसानं, बोथट टोकानं, मग ठोकल्यावर ठणठणत थरथरणाऱ्या लोखंडी चिमट्यानं द्वारकाबाईंची बोटं तपासली. चिमटा बोटाला लावला तर काहीच नाही. मनगटाच्या हाडाला लावला तेव्हा आतून गुणगुण जाणवली.

"मावशी, नीट ऐका. या चिकट पट्ट्या मी दुखऱ्या बोटांवर लावणार नाही, जरा वर लावणार, जिथं कातडीला नीट कळतंय तिथं. तिथून बारीक करंट जाईल. त्याच्या मुंग्या मणक्यापर्यंत आधी पोचल्या की मागून येणारी आग अडते. सुई नाही, चिरफाड नाही. पण करंट पुरेसा लागला पाहिजे. मी बटण वाढवत जाईन. चांगला जोरात, पण दुखणार नाही इतका लागला की सांगायचं."

"आन मग बोटांला कळाय लागंल?"

"ते वेगळं. यानं दुखणं कमी व्हावं. स्पर्शासाठी रोज सराव करायचा, आणि वाट बघायची. तो सगळा परत येईल असं मी म्हणणार नाही."

द्वारकाबाईंनी मान डोलावली. त्यांच्या मनात दोन्ही गोष्टी एकच होत्या. आग विझली की बोटं जागी होणार.

"आता सांगा, दुखणं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवतच नाही."

आठ होतं. द्वारकाबाई म्हणाल्या, "सहा आसंल."

क्षमानं वहीत लिहिलं आणि सहज म्हणाली, "हा आकडा तीनच्या खाली आला की आपण बांगडी भरून बघू."

तिनं हे धीर द्यायला म्हटलं होतं. द्वारकाबाईंनी ते परीक्षेच्या अटीसारखं घेतलं.

तेव्हापासून त्या एक दिवसाआड जायच्या. क्षमा पट्ट्या लावायची, बटण फिरवायची. पंगतीत वाढप्याचा डाव ताटावर यायच्या आत हात आडवा धरून "बास" म्हणायची द्वारकाबाईंना जन्माची सवय. इथंही बटण जेमतेम हललं की त्या म्हणायच्या, "बास, बास. लागलं."

"नक्की? अजून थोडं वाढवू?"

"लई झालं. झ्याक लागतंय."

मग आकड्याची वेळ यायची. द्वारकाबाईंना क्षमाचा चेहरा बघवायचा नाही, इतकी ती आशेनं पेन धरून बसलेली असायची. शिवाय हातात हात धरून कुणी आपल्यासाठी खपतंय, आणि आपण तोंड वर करून दुखतंय म्हणायचं, हे त्यांच्या अंगवळणीच नव्हतं. चांगल्या घरची बाई बांगड्या भरताना हाय करत नाही. ती ओठ मिटून बसते, माहेरच्या गोष्टी सांगते, आणि शेवटी कासारणीच्या पाया पडते. द्वारकाबाईंनी हजारो बायकांना असं बसलेलं पाहिलं होतं. आता त्या स्वतः बाकड्याच्या या बाजूला होत्या, आणि बसायचं कसं ते त्यांना ठाऊक होतं.

"आज किती, मावशी?"

"पाच."

पुढच्या खेपेला, "पाचच्या जरा खाली."

मग चार.

"उतरतंय," क्षमा म्हणायची.

"तुमचा हातगुण चांगला हाय, म्याडम."

सरावासाठी पाच वाट्या असायच्या. ज्वारी, साबुदाणा, मीठ, तूरडाळ, वाळू. डोळ्यांवर रुमाल बांधून बोटं आत घालायची आणि काय आहे ते ओळखायचं. द्वारकाबाई पाचांतल्या चार बरोबर सांगू लागल्या. बोटांना एकसारखाच विस्तव लागायचा, पण ज्वारी वाटीत खुळखुळते आणि मीठ करकरतं. अडतीस वर्षं काचेचा आवाज ऐकलेल्या कानांना तेवढं पुरेसं होतं.

चैत्र पौर्णिमेला येडाईची यात्रा भरली. डोंगराच्या वाटेवर माणूस माणसाला लागून चालत होतं. द्वारकाबाईंच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, पण लवचिक धातूच्या बांगड्यांना. बायका त्या उचलायच्या, स्वतःच घालायच्या आणि पुढं व्हायच्या. दिवसभर त्या गर्दीत एकाही बाईनं त्यांच्यापुढं हात केला नाही. संध्याकाळी पाय इतके पेटले की त्यांनी ते ओल्या पोत्यावर ठेवले. पोतं ओलं आहे हे डोळ्यांना दिसत होतं, म्हणून खरं.

यात्रेनंतर तिसऱ्या दिवशी त्या क्षमाकडं गेल्या आणि विचारायच्या आतच म्हणाल्या, "अडीच."

क्षमानं वही मिटली. "मग आज बांगड्या भरूया. आणल्यात?"

आणल्या होत्या. पिशवीत दोऱ्यात ओवलेल्या हिरव्या बांगड्या पंधरवड्यापासून तयारच होत्या. क्षमानं घड्याळ काढलं आणि डावा हात पुढं केला. द्वारकाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला. त्यांना त्याची ऊब मनगटाजवळ जाणवली, बोटांना नाही. तरी सहा महिन्यांनी हातात एक हात होता. त्यांनी अंगठा दुमडला.

"माहेर कुठलं म्हनायचं तुमचं?"

"अजून लग्न कुठं झालंय, मावशी. आई-वडील कळंबला. वडील शाळेत आहेत, आई पंचायत समितीत."

"आन ह्यो हात आसा मोकळा का ठिवलाय?"

"बांगड्या यंत्रावर आपटतात. आईही रोज हेच..."

पहिली गेली. दुसरी सांध्यावर आली. द्वारकाबाईंनी नजर क्षमाच्या चेहऱ्यावर ठेवली होती, कारण बोटं काही सांगत नव्हती. क्षमाची पापणी हलली. एकदा, मग पुन्हा. पण ती गप्प राहिली, उलट किंचित हसली, आणि तोवर द्वारकाबाईंनी दाबलं होतं. टिक असा बारीक आवाज झाला. अंगठ्याच्या बुडाशी रक्ताचा थेंब आला, मग त्याची रेघ झाली.

क्षमानं कापूस घेतला. "काही नाही, मावशी. एवढं काही नाही."

"दुखलं न्हाय तुमाला?"

"नाही."

"खोटं बोलू नका. पापनी दोनदा हालली तुमची. बोलायचं न्हाय व्हय? म्या दाबीत चालले, आन तुमी हसताय!"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मला वाईट वाटंल म्हनून सोताचा हात कापून घ्यायचा? कसली डॉक्टरीन म्हनायची ही!"

क्षमानं कापूस दाबून धरला. मग तिनं अगदी सावकाश विचारलं, "मावशी, आज आकडा किती?"

द्वारकाबाईंनी मांडीवर पडलेला काचेचा तुकडा उचलायचा प्रयत्न केला. तो बोटांत येईना.

"सांगा."

"आठ."

"आज आठ?"

"रोजच आठ. यात्रंच्या दिवशी जास्तीच हुतं."

"आणि करंट?"

"निसतं किडं चालल्यावानी. लागलं आसं काय नव्हतं."

"महिना होत आला, मावशी!" क्षमा उठून उभी राहिली. "महिनाभर मी तुम्हाला नुसत्या गुदगुल्या करत बसले! औषधाचा एक थेंब द्यावा आणि बाटली दिली म्हणून लिहावं, तसं झालं हे. आणि वाट्या? वाट्या कशा ओळखल्या?"

"वाजत्यात त्या."

क्षमाला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकदमच दिसलं. ती परत बसली. "माझंही चुकलं. पहिल्या दिवशी चिमट्यानं तपासलं, तसं पुन्हा एकदाही तपासलं नाही. वहीत आकडा उतरताना दिसत होता ना. मलाही तो आवडत होता."

त्या दिवशी तिनं सगळं पहिल्यापासून केलं. पट्ट्या काढून मनगटाच्या आणखी वर लावल्या, बटण फिरवलं, आणि द्वारकाबाईंनी "बास" म्हटलं की ती मानच हलवायची. "खरं बास का पंगतीतलं बास?" शेवटी करंट असा लागला की पंजाभर जोरात मुंग्या भरल्या. अर्ध्या तासात बोटांतला विस्तव मागं सरकला. पुरता विझला नाही. चुलीतलं लाकूड ओढून घेतल्यावर धग कमी व्हावी तसा.

"आता?"

द्वारकाबाईंनी मनाशी नीट तोलून बघितलं. खरा आकडा सांगायचा तर तो शोधावा लागत होता. "सहा. न्हाय, साडेसहा."

"साडेसहा," क्षमानं लिहिलं. पहिल्या सहापेक्षा तिला तो जास्त आवडलेला दिसला.

पुढचे तीन आठवडे द्वारकाबाई रोज गेल्या. तळपायांसाठी पट्ट्या पोटरीवर लागल्या. वाट्यांतलं धान्य आता ओल्या फडक्यावर पसरलेलं असायचं, वाजू नये म्हणून. एखाद्या दिवशी सहाचं सात व्हायचं, तेही लिहिलं जायचं. वैशाख लागला तेव्हा आकडा चारवर थांबला होता. गोळी आणि यंत्र मिळून चार. फरशीवर पाय टेकवताना त्या आता दात आवळत नव्हत्या. पण ज्वारी आणि मीठ त्यांना अजून ओळखू येत नव्हतं. ठणठणता चिमटा बोटांवर मुकाच राहत होता.

"मग चुड्याचं?" त्यांनी विचारलं.

"काही महिन्यांनी थोडंफार येईलही. परवापर्यंत येणार नाही," क्षमा म्हणाली. "डोळ्यांनी भरा, सावकाश. आणि नवरी मुलीला सांगा, दुखलं तर बोलायचं."

"नवरी आन बोलती? तुला ठाव न्हाईत गं पोरी, त्या घरच्या बाया."

आपण तिला पोरी म्हटलं हे द्वारकाबाईंना दुकानात पोचल्यावर जाणवलं.

वस्तीवर चुड्याच्या दिवशी पत्र्याच्या शेडात सतरंजी अंथरली होती. दहा-बारा बायका, मधोमध हळदीच्या रंगाच्या साडीत हर्षाली, आणि भिंतीला टेकून मथुराबाई. वय झालं होतं, गुडघे गेले होते, पण आवाज तसाच होता.

"या कासारीणबाई! किती वाळलाव गं माय. आन केस बगा, पोरीवानी कुरळं!"

"दवाखान्यात करून घेतलं, अक्का," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

त्यांनी हर्षालीचा हात घेतला. लहान, मऊ पंजा. दोन-चारचाच. त्यांनी एकदा चेहऱ्याकडं बघून सांगितलं, "बाळ, दुखलं तर बोलायचं. लगीच बोलायचं. माज्या बोटांला आता कळत न्हाय."

"आगं बाई!" हर्षालीची चुलती म्हणाली. "चुडा भरताना कोन बोलतंय? रडून दावायचं का सासरच्या मानसांला?"

"ती न्हाय बोलायची," मथुराबाई कौतुकानं म्हणाल्या. "आमच्या घरातल्या पोरी हूं का चूं करीत न्हाईत."

द्वारकाबाईंनी पहिली बांगडी चढवली. सांध्यावर आली, अडली. त्या थांबल्या. "दुखतंय?"

हर्षालीनं मान हलवली. नाही. तिचा खालचा ओठ दातांखाली गेला होता.

द्वारकाबाईंनी बांगडी मागं घेतली. पुन्हा विचारलं. पुन्हा तीच मान, तोच ओठ. क्षमाच्या अंगठ्यावरची रेघ त्यांनी रोज पाहिली होती, ती भरून यायला दहा दिवस लागले होते. इथं उद्या हळद होती.

त्यांनी दोन-चारचा दोरा पिशवीत ठेवला आणि एक माप मोठा, दोन-सहाचा काढला. तो त्यांनी येताना घेतला होता. का घेतला, हे मनात कबूल केलं नव्हतं इतकंच. ते माप सांध्यावर अडलं नाही. दाबावं लागलं नाही, बोटं लागली नाहीत, माहेराबद्दल काही विचारावं लागलं नाही. दोन्ही हात बघता बघता भरले. हर्षालीनं केस मागं सारायला हात वर केला आणि अख्खा चुडा कोपराकडं घरंगळला.

"सैल झाला की गं," चुलती म्हणाली.

"सैलच घातलाय," द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "बोटं गेल्यात माजी. दुखायचं कमी आलंय, पर कळत काय न्हाय. घट्ट भरला आस्ता तर पोरीचा हात कापला आस्ता."

हर्षाली वाकून त्यांच्या पाया पडली. आता रिवाजाप्रमाणं घरच्या बाकीच्या बायकांची पाळी. चुलती म्हणाली, "माजं पीठ मळायचं ऱ्हायलंय," आणि उठली. दुसरीच्या हातात कालच्याच नव्या बांगड्या होत्या. तिसरी पाणी आणते म्हणून गेली आणि आली नाही. कुणी वाईट वागलं नाही. सगळ्याजणी जाताना, "चहा घेतल्याबिगर जाऊ नका मावशी," असं म्हणून गेल्या. थोड्या वेळानं सतरंजीवर द्वारकाबाई, त्यांची पिशवी आणि भिंतीजवळच्या मथुराबाई एवढंच उरलं. आत कुठंतरी भांडी वाजत होती.

द्वारकाबाईंनी दोरे बांधायला घेतले. गाठ बसत नव्हती.

"माजं ऱ्हायलं की," मथुराबाई म्हणाल्या आणि सुरकुतलेला हात सतरंजीवरून पुढं सरकवला.

"अक्का, तुमच्या सांध्याला सूज हाय. बोलावं लागंल."

"बोलते की. बारा पोरींची लगनं बगितली, गप बसायचा कटाळा आला मला. घट्ट भरा पर. सैल नकं."

द्वारकाबाईंनी डोळे त्या सांध्यावर लावले आणि काच सरकवली.

"हां. जाऊ द्या... जाऊ द्या... आं, थांबा! मागं घ्या. जरा अंगठ्याच्या अंगानं बगा. हां, तितून."

एक बांगडी जायला पूर्वीच्या अख्ख्या हाताइतका वेळ लागला. कपाळावर घाम आला. पाचवी चढली तेव्हा बाहेर मांडवाचं कापड बांधणाऱ्यांचं बोलणं ऐकू येऊ लागलं होतं, आणि चहा घेऊन अजून कुणी आलं नव्हतं. द्वारकाबाईंनी तो भरलेला हात जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"दुसऱ्या हाताला लई येळ लागंल, अक्का."

"लागू द्या," मथुराबाई म्हणाल्या. "मला तरी कुठं जायचंय."